अर्धा पेला खाली

माझा धंदा गळती थांबवण्याचा. गच्च्या, न्हाणीघरं, टाक्या, तळघरं, जिथे म्हणून पाण्यानं वाट काढली असेल तिथे मला बोलावतात आणि मी ती वाट बुजवून देतो. तीस वर्षं हेच करतोय. दहा वर्षांची लेखी हमी देतो आणि आजवर एकही माणूस तो कागद घेऊन परत आलेला नाही. हे आधीच सांगून टाकलं, कारण आमच्या घराच्या छताला ओल होती. आईच्या खाटेच्या बरोबर वर. आणि ती आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका कलाकार बाईंनी रोज, मुद्दाम, प्रेमानं पाणी घालून वाढवलेली होती.

या बाईंना अख्खी इमारत भिंगबाई म्हणते. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटीवर त्यांनी शेवाळ वाढवलंय, त्यामुळे गेली तीन वर्षं ते कुणी वाचलेलं नाही. राहायला आल्या त्या दिवशी त्यांनी मला एक कार्ड दिलं होतं. त्यावर 'बहुशाखीय कलाकार' असं छापलेलं. बहुशाखीय म्हटल्यावर मला आधी बँक वाटली. खाली बारीक अक्षरात होतं, 'विषय : माणूस आणि निसर्ग यांचा संबंध'.

"म्हणजे नेमकं काय करता?" मी विचारलं.

"तेच शोधतेय, भाऊ," बाई म्हणाल्या. "सापडलं की खाली येऊन सांगते."

कलाकार होण्याआधी सव्वीस वर्षं त्या एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या. पुढे गिऱ्हाइकं, आरसे, दिवे. मागे एक यंत्र, एक पाण्याचं भांडं आणि बाई. कुणाचा नंबर किती, काच किती जाड, कुणाच्या फ्रेममध्ये बसत नाही, एवढंच त्यांचं जग. एके दिवशी काच तपासायला म्हणून त्यांनी ती खिडकीकडे धरली, तर चौकटीवरचं शेवाळ त्यांना इतकं मोठं दिसलं, की त्या जेवायला उठल्याच नाहीत. संध्याकाळी मालकाच्या हातात राजीनामा ठेवला. कारण लिहिलं होतं, 'माझं लक्ष आहे, पण ते आता दुसरीकडे आहे.' मालकानं तो कागद फ्रेम करून दुकानात लावला, असं बाई सांगतात. मी पडताळून पाहिलेलं नाही. त्यांच्या बाबतीत खोटं शोधायचं मी सोडून दिलंय, कारण खरंच जास्त विचित्र निघतं.

त्यांचं पहिलं काम म्हणजे 'गुडघे'. इमारतीमागच्या गल्लीत जी लांबलचक भिंत आहे, तिच्यावर त्यांनी एक्केचाळीस भिंगं बसवली, बरोबर माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर. बघायचं तर गुडघे टेकलेच पाहिजेत. प्रत्येक भिंगामागे काहीतरी होतं. कुठे बुरशी, कुठे कोळ्याचं जाळं, कुठे मुंग्यांचं भोक. आमच्या इमारतीचे अध्यक्ष भयंकर संतापले आणि पक्कड घेऊन भिंगं उपटायला गेले. सतरा नंबरच्या भिंगापाशी वाकले ते पाऊण तास उठेचनात. आम्हाला वाटलं कंबर धरली. चौघं मिळून उचलायला गेलो तर ओरडले, "थांबा रे! ती अंडं घेऊन निघालीय!" पक्कड तिथेच पडून गंजली. आता अध्यक्ष रोज सकाळी उशी घेऊन सतरा नंबरला जातात, आणि तिथे आधीच कुणी बसलेलं असलं तर भांडतात.

दुसरं काम फाटकाजवळच्या झाडाचं. बाईंनी झाडासमोर डोळे तपासायचा तक्ता टांगला, तोच, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक बारीक होत जाणारी. दर सोमवारी झाडाशेजारी खुर्ची टाकून त्या पट्टीनं एकेक अक्षर दाखवायच्या आणि थांबायच्या. वहीत नोंद करायच्या. मी एकदा न राहवून विचारलं, "काय म्हणतंय झाड?"

"अजून काही बोललं नाहीये."

"मग कसं कळणार दिसतं का ते?"

"न बोलणाऱ्याला दिसत नाही असं कुठे असतं, भाऊ?" त्या म्हणाल्या. "पेशंटला घाई करायची नसते."

मी हसलो आणि कामाला निघून गेलो. त्या वाक्यानं पुढे मला चांगलंच धरलं, पण ते पुढे.

तर ओल. आधी ती बशीएवढी होती, मग ताटाएवढी झाली, मग तिला हातपाय फुटले. माझ्यासारख्या माणसाच्या घरात ओल म्हणजे लोकांना तोंड दाखवायची सोय नाही. मी टॉर्च घेतला आणि तावातावानं वर गेलो. बाईंच्या त्या खोलीत एकही खुर्ची नव्हती. भिंतीभोवती सगळीकडे पत्र्याची ताटं, ताटांत शेवाळ, आणि मधून चालायला एक फळी. कोपऱ्यात फरशीला एक जुन्या नळाचं भोक होतं. कधीकाळी कुणीतरी चुना कोंबून बुजवलेलं, बाजूनं हिरवं झालेलं. बाई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या. हातात पाण्याचा पेला. अर्धा प्यायल्या, अर्धा सावकाश त्या भोकात ओतला.

"हे काय चाललंय?"

"'अर्धा पेला'. दोन वर्षं चालू आहे," बाई म्हणाल्या. "सकाळचं पहिलं पाणी. अर्धं मला, अर्धं खाली."

"खाली म्हणजे कुणाला?"

"जमिनीला."

"अहो ताई, खाली जमीन नाहीये. खाली आम्ही आहोत!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता माफी मागतील. पण त्यांचा चेहरा असा उजळला, जणू दोन वर्षं पाठवलेली पत्रं पोचली असं कुणीतरी सांगितलंय. "म्हणजे ते तुम्हाला मिळतंय?" त्या म्हणाल्या. "बघायला येऊ?" आणि मी काही बोलायच्या आत गळ्यातलं भिंग सावरत जिना उतरायलाही लागल्या.

आता आईबद्दल सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून खाटेवर. हळूहळू बोलणं कमी होत गेलं. हं, नको, दिवा बंद कर, एवढ्यावर आलं. मी सकाळी कामाला जाताना तिच्या दारातून डोकवायचो, ती माझ्याकडे बघायची आणि चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आई आता माणसं ओळखत नाही, असं मी सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं होतं. बहीण भेटायला यायची तीही थांबली. ओळखणारच नाही तर येऊन काय करायचं, असं ती म्हणाली आणि मला ते पटलंही.

भिंगबाई आत आल्या. वर बघितलं. मग आईला म्हणाल्या, "काकू, जरा सरकता?"

आणि आई सरकली! आमच्या हिनं दारात तोंडाला हात लावला. चादर बदलायला आम्ही दोघं लागायचो आणि बाईंसाठी ती आपणहून वीतभर सरकली. बाई चपला काढून सरळ खाटेवर तिच्या शेजारी आडव्या झाल्या. दोघी छताकडे तोंड करून.

"हे डावीकडचं टोक कालच फुटलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

बाईंनी मान वळवून तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. सव्वीस वर्षं काचा घासलेली बाई ती. उठून बसल्या आणि मला विचारलं, "काकूंचा चष्मा कुठाय?"

चष्मा ड्रॉवरमध्ये होता. हॉस्पिटलमध्ये भरती करताना नर्सनं काढून माझ्या हातात दिलेला. घरी आणल्यावर ही म्हणाली होती, आईंना लावायचा का? आणि मी म्हणालो होतो, झोपून काय बघायचंय तिला, कानाला रुतेल उगाच. त्यानंतर कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

बाईंनी काचा रुमालानं पुसल्या, उजेडाकडे धरल्या आणि म्हणाल्या, "बापरे, केवढा नंबर! भाऊ, एकदा तुम्ही घालून बघा. दुसऱ्याचा नंबर आपल्या चांगल्या डोळ्यांना लावला, की त्याला चष्म्याशिवाय कसं दिसतं त्याचा अंदाज येतो."

"मला वेळ नाहीये," मी म्हणालो. खरं तर मला भीती वाटली.

बाईंनी मग तो आईला लावला. आधी डावा कान, मग उजवा. झोपलेल्या माणसाला उशी आडवी येते, म्हणून त्याच क्रमानं, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. आईनं डोळे मिचकावले. छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"केस कुठे गेले रे तुझे?" आई म्हणाली.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चार वर्षं मी तिच्या दारात एक शब्द न बोलता उभा राहायचो, आणि तिला दारात नुसतं काहीतरी उभं आहे एवढंच दिसायचं. मला माझी लाज वाटली. नंतर बराच वेळ मी आत गेलो नाही.

त्या दिवसापासून आमचं घर बिघडलं. म्हणजे आईच्या दृष्टीनं सुधारलं. सकाळी डोळे उघडले की पहिली मागणी चष्म्याची आणि मग छताची बातमी. आज म्हाताऱ्याच्या नाकाला शिंग फुटलंय. आज ओढा दोन फाट्यांनी निघालाय. आज तो तपकिरी माणूस टोपी विसरून गेलाय. बातमी सांगून झाल्याशिवाय चहा नाही. दहा वाजता बाई वही घेऊन यायच्या, आई सांगायची, बाई लिहायच्या, आणि ओलीचं वजन कमी होऊ नये म्हणून पंखा बंद ठेवायची आज्ञा व्हायची. आई दोन उशा लावून बसायला लागली. जेवण दुप्पट झालं. बाई तिची ओळख 'माझ्या सहकलाकार' अशी करून द्यायच्या, आणि आई नको नको म्हणत ती ऐकून घ्यायची.

आणि मी? माझी गिऱ्हाइकं घरी येतात. बाहेरच्या खोलीत माझी खुर्ची, त्यांची खुर्ची, भिंतीवर हमीच्या कागदाचा नमुना चौकटीत लावलेला. आईच्या खोलीचं दार मी लावून घ्यायचो. पण माणसाची चाहूल लागली की आतून हाक यायचीच : "कोण आलंय? या, आत या, बघून जा!" गच्चीचं काम द्यायला आलेल्या एक बाई आदरानं आत गेल्या, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचार करून सांगते म्हणाल्या. अजून करताहेत विचार.

मी हिला म्हटलं, "एका दुपारचं काम आहे. बुजवून टाकतो."

"आईंना विचारा," ही म्हणाली.

तेवढी छाती माझी नव्हती.

मग समिती आली. शहरातल्या एका मोठ्या कलादालनाची निवड समिती, चार माणसं, बाईंचं काम बघायला. मला वाटलं, वर जातील, शेवाळ बघतील, मान हलवतील. तर बाई त्यांना घेऊन थेट आमच्याकडे. "कलाकृती झोपून बघायची आहे," त्यांनी जाहीर केलं. आमच्या हिनं सतरंजी अंथरली. आणि बघता बघता ती चार प्रतिष्ठित माणसं बूट काढून आईच्या खाटेशेजारी ओळीनं आडवी झाली. त्यातल्या एकांचे पाय कपाटाखाली गेले. आई वरून हात करून दाखवत होती : "इकडे, इकडे बघा. हे परवा नव्हतं." तिसऱ्या मिनिटाला एक सदस्य घोरायला लागले. "त्यांना आवडलेलं दिसतंय," आई म्हणाली.

समितीचे प्रमुख भिंतीकडेला पडले होते. छताकडे बघता बघता त्यांची मान माझ्याकडे वळली. "तुम्हीच ना हो आमच्या दालनाची गच्ची केलीत?"

"हो," मी म्हणालो.

"आणि हे घर?"

"माझंच."

ते पुन्हा वर बघायला लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तो हमीचा कागद आमच्याकडे असेलच म्हणा कुठेतरी." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण जमिनीवर सगळी समिती पडलेली.

निवड झाली. छत उचलून दालनात नेता येत नाही, म्हणून असं ठरलं, की पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी प्रेक्षक आमच्या घरी आणायचे, चार चार जणांच्या गटानं. बाईंना आनंदानं रडू आलं. आईनं नवी चादर काढायला सांगितली. मी मनात मोजलं, चार माणसं, दर गुरुवार, आणि प्रत्येकाच्या घरावर गच्ची.

त्याच सुमारास बाईंना दुसऱ्या गावी भिंत मिळाली, गुडघ्यांसाठी. आठ दिवस जायचं होतं. किल्ली हिच्याकडे ठेवून गेल्या आणि सोबत चिठ्ठी : 'रोज सकाळी. अर्धा प्या, अर्धा ओता. आधी प्या.' हिचे गुडघे जिना चढायचे नाहीत, म्हणून काम माझ्याकडे आलं. पहिले दोन दिवस मी ते इमानेइतबारे केलं. पन्नाशीतला माणूस, गळती थांबवणारा, शेवाळाच्या खोलीत उभा राहून पाणी पितोय आणि उरलेलं स्वतःच्या घरावर ओततोय. तिसऱ्या दिवशी दालनाच्या कचेरीतून फोन आला. गच्ची एकदा परत तपासून द्याल का, असं फार गोड आवाजात विचारलं त्यांनी.

त्या दुपारी मी माझी पेटी घेऊन वर गेलो. भोकाजवळचं शेवाळ पात्यानं अलगद सोडवून एका ताटात ठेवलं. फेकलं नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा. तारेच्या ब्रशनं भोक साफ केलं, मसाला भरला, वर जाळी, जाळीवर लेप, तो वाळल्यावर दुसरा लेप, आडवा. एवढ्याशा भोकाला मी पाण्याच्या टाकीचं काम केलं. राग होता ना हातात. इतकं देखणं काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

दोन दिवसांत ओलीच्या कडा फिकट झाल्या. "आज काही नवीन नाही," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मागे सरकलंय." मग म्हातारा गेला. ओढा गेला. वाळलेल्या रंगाचे पोपडे तिच्या पांघरुणावर पडायला लागले आणि ती एकेक वेचून उशीखाली ठेवायला लागली. "उन्हाळा वाढलाय," मी म्हणालो. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आता तिला दिसत होतं ना.

आठव्या दिवशी सकाळी तिनं चष्मा स्वतःच काढला. काड्या मिटल्या, एकीवर एक, आणि माझ्यापुढे धरला.

"हा ठेवून दे ड्रॉवरमध्ये," ती म्हणाली. "झोपून काय बघायचंय?"

म्हणजे चार वर्षांपूर्वी मी ते बोललो तेव्हा तिनं ऐकलं होतं. ती खाटेवरच होती की. कुठे जाणार होती?

मी चष्मा तसाच खिशात टाकला आणि जिना चढून वर धावलो. पेलाभर ओतला. मग तांब्याभर. मग बादली. तुम्हाला सांगतो, एक थेंब आत जाईल तर शपथ! पाणी माझ्या लेपावरून घरंगळायचं, फळीखालून जायचं, दाराबाहेर पडायचं, जिन्यावरून खाली वाहायचं. अध्यक्ष उशी डोक्यावर धरून काय झालं काय झालं करत पळाले. पण भोक आपलं कोरडं ठणठणीत. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या हमीला शिव्या घातल्या.

तिसरी बादली रिकामी करत होतो, तेवढ्यात दारात बाई. खांद्याला पिशवी, पाय घोट्यापर्यंत पाण्यात.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "अर्धा पेला सांगितला होता."

मी बादली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. फोन, पेटी, जाळी, दोन लेप, चष्मा. बाई पाण्यातून चालत कोपऱ्यात गेल्या. गुडघे टेकले, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि माझं काम बघायला लागल्या. मी ओरडा खायला तयार उभा. त्या बघतच होत्या.

"हे तुम्ही केलंत?" अखेर त्या म्हणाल्या. "एवढं निगुतीनं? जाळीचा एकेक धागा सरळ आहे हो. कड बघा ही, नुसती निवलेल्या दुधावरच्या सायीसारखी."

माझ्या धंद्यात उत्तम काम म्हणजे काहीच न घडणं. लोक वर बघतात, ओल नाही, विषय संपला. तीस वर्षांत कुणी माझं काम गुडघे टेकून बघितलं नव्हतं. आणि ज्या बाईंचं काम मी मारलं होतं, त्या ते बघत होत्या. मला खाली बसावं लागलं, त्या पाण्यातच.

"ताई, मी हे फोडतो," मी म्हणालो. "पण पाणी पुन्हा त्याच वाटेनं जाईल, याची हमी नाही देऊ शकत."

"हमी कुणी मागितलीय?" बाई म्हणाल्या.

छिन्नी घेऊन मी माझं देखणं काम फोडलं. अर्धा दिवस लागला, आणि मी किती पक्कं केलं होतं हे कळून प्रत्येक ठोक्याला दुःख होत होतं आणि थोडा अभिमानही. बाईंनी ताटातलं शेवाळ परत कडेला बसवलं. दुसऱ्या सकाळपासून आम्ही दोघं. त्यांचा अर्धा पेला, माझा अर्धा पेला. आधी प्यायचं, मग ओतायचं. पाणी आत जात होतं, पण आईच्या छतावर काही उमटत नव्हतं. अकरा दिवस. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. ही भरवायची, दोन घास झाले की आई हात हलवायची. हं, नको, दिवा बंद कर. बाई रोज दहाला येऊन वही उघडून शेजारी बसायच्या आणि कोरं पान तसंच मिटून जायच्या. पेशंटला घाई करायची नसते, पण त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी हिची हाक आली. बाहेरच्या खोलीतून.

ओल तिथे आली होती. पाणी स्लॅबमधून आठ फूट आडवं चालत जाऊन बाहेरच्या खोलीत उतरलं होतं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या बरोबर वर. हमीच्या चौकटीला त्याचं एक बोट टेकत होतं. मी खुर्च्या गॅलरीत काढल्या. मी, ही आणि बाई, तिघांनी मिळून आईची खाट ओढत बाहेरच्या खोलीत आणली. आई डोळे मिटून.

"आई, बघ," मी म्हणालो. "आलंय."

"काही नसेल. तूच बघून सांग."

मी वर बघितलं. "ओल आहे."

"ओल आहे ते मलाही वासानं कळतंय. काय दिसतंय?"

"डाग आहे, आई. मोठा डाग."

"तुला दिसत नाहीये," आई म्हणाली. "माझा चष्मा कुठाय? तो लावून बघ."

चष्मा तेव्हापासून माझ्या शर्टाच्या खिशात होता. रोज शर्ट बदलताना मी तो नव्या खिशात घालायचो, ड्रॉवरमध्ये ठेवायला हात होत नव्हता. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी काड्या उघडल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

छत गेलं. ओल गेली, चौकट गेली, दिवा गेला. वर नुसतं पांढरं, कशाला कड नाही, कोपरा नाही. मी मान खाली केली तर आई जिथे होती तिथे एक फिकट काहीतरी होतं, हललं तेव्हा कळलं की ते माणूस आहे. तिला तोंड आहे की नाही, हसतंय की रडतंय, काही कळायला मार्ग नाही. सकाळी हेच, दुपारी हेच, दारात कुणी उभं राहिलं तरी हेच. चार वर्षं.

"दिसलं का?" त्या पांढऱ्यातून आईचा आवाज आला.

"दिसलं," मी म्हणालो.

"मग दे इकडे."

मी चष्मा काढून तिला लावला. आधी डावा कान, मग उजवा. आईनं डोळे मिचकावले आणि वर बघितलं. बराच वेळ बघत राहिली. बाईंनी हळूच वही उघडली. बाहेर बेल वाजली, गिऱ्हाईक असणार, ही दार उघडायला गेली. मी चपला काढल्या.

"जरा सरकतेस?" मी म्हणालो.

आई सरकली.